रविवारच्या कोड्यातली देवी

शनिवारी तिन्हीसांजा झाल्या की आमच्या खाडीकाठच्या वाडीत माणूस घरात सापडायचा नाही. सगळे दत्तप्रसाद महाराजांच्या मांडवात. ढोल वाजायचा, धूप जळायचा आणि महाराजांच्या अंगात देवीचा अवसार यायचा. घुमता घुमता ते एकेक शब्द फेकायचे, "कापूस! सुकाणू! उपवास!" आणि रविवारी 'दैनिक गलबत' उघडावा, तर पुरवणीतल्या शब्दकोड्याची उत्तरं तीच! पुरवणीच्याच शेवटच्या पानावर उलटी छापलेली असतात ना, ती ताडून बघा, एकही शब्द चुकायचा नाही.

आता बोला! पण बोलतो कोण? सगळ्यांनी लोटांगणं घातली.

"आडवे शब्द म्हणजे माया, उभे शब्द म्हणजे ब्रह्म," महाराज डोळे मिटून सांगायचे. "आणि काळे चौकोन? ते तुमचे मागच्या जन्माचे भोग!" हा ब्रह्मज्ञानी दोन वर्षांपूर्वीपर्यंत कुडाळला मोबाइलची कव्हरं विकत होता. कुणाला आठवण करून द्यायची सोय नव्हती.

मी किशोरी. वाडीचं वाचनालय मी चालवते. पूर्वी रविवारी गुरुदास आणि त्याची दोस्तमंडळी आमच्या बाकावर बसून एकाच कोड्यावर कचाकचा भांडायची. आता कोडं सोडवणं पाप झालं. पेपरला कुंकू लावून तो देवघरात ठेवायचा, महाराज शब्दांचा अर्थ लावतील तसं वागायचं. आमच्याकडे विहीर खणायची तरी आधी देवाला कौल लावतात, तेव्हा पेपरातून कौल घेणं कुणाला वावगं वाटलं नाही. फक्त एक अट होती. ज्याने 'गलबत'ची वर्षाची वर्गणी भरली आहे, त्याच्याच प्रश्नाला उत्तर! "उसन्या पेपरात देवी उतरत नाही," म्हणे. वर्गणी घेणारा एजंट कोण? महाराजांचा थोरला भाऊ, भाई.

मला महाराजापेक्षा जास्त संताप आला तो 'गलबत'चा. त्यांनी फोटोसकट बातमी छापली, 'खाडीकाठी अवतरली शब्ददेवी'. हे घडतं कसं, असं विचारायला एक माणूस पाठवला नाही. माझ्या शेजारच्या जानकीने ते कात्रण भिंतीला चिकटवलं.

"किशोरीबाय, आता तरी पटला मां? पेपरवाले काय खोटा छापतले?"

जानकीची आकांक्षा आठवीत. तिला आकडी यायची. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दोन वर्षं एकदाही आली नव्हती. पण 'उपवास' शब्द निघाला आणि महाराजांनी जानकीला सांगितलं, "हा औषधाचा उपवास आहे. गोळ्या बंद!" पंधरवड्यात पोर धक्क्यावर आकडी येऊन पडली, कपाळ फुटलं. मी हातापाया पडले, डॉक्टरांशी फोनवर बोल म्हटलं. महाराज म्हणाले, "परीक्षा आहे, कळ सोसा." आणि जानकी, जिचा त्या पोरीवर जीव की प्राण, ती कळ सोसत बसली. मला रात्री झोप लागेना.

त्या शनिवारी दुपारी मी तणतणत भाईच्या दुकानात गेले, वाचनालयाचा 'गलबत' बंद करायला. भाई नव्हता. त्याची बायको सीता पुरवण्यांचे गठ्ठे सोडत बसली होती. वरच्या पानावर तारीख उद्याची!

"ह्यो उद्याच्यो आजच कशो इल्यो गो?"

"पुरवण्यो आधीच छापतत. शनवारी येतत. बातम्यांचो पेपर पहाटे येता, मगे आमी तेच्यात ह्यो घालतंव. एक पुरवणी भावजी घेवन जातत दर शनवारी…"

बोलता बोलता ती थांबली. आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं. मला वाटलं, आता गठ्ठा झाकेल. तिने एक पुरवणी काढून माझ्या हातात कोंबली.

"न्हेवा. जानकीच्या चेडवाचा, आकांक्षाचा माका बघवणा नाय."

संध्याकाळी ढोलावर टिपरी पडायच्या आत मी मांडवात उभी राहिले आणि पाठ केलेले शब्द मोठ्याने म्हणायला लागले, "घागर! तराफा! माणिक! वायंगण!" महाराजाचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, जिंकले.

कसलं जिंकले!

"गे बाय माजे! किशोरीबायक अवसार इलो!" कुणीतरी ओरडलं. कुणी माझ्या कपाळाला कुंकू फासलं. गुरुदास माझ्यापुढे आडवा पडला. आणि जानकीने माझे पाय धरले.

"आये, माज्या चेडवाक गोळ्यो दिव? होय की नाय, तितक्याच सांग."

एक 'होय' म्हटलं की काम फत्ते होतं. शब्द अगदी ओठांवर आला. पण आज माझ्या तोंडून देवी 'दे' म्हणाली, तर उद्या आणखी कुणाच्या तोंडून 'देऊ नको' म्हणेल, आणि जानकी तेही ऐकेल. मी कुंकू पुसलं. पिशवीतून पुरवणी काढली.

"अवसार नाही की बिवसार नाही. ही उद्याची पुरवणी. आज दुपारी भाईच्या दुकानात मिळाली. दर शनिवारी येते. वाच गुरुदास, कोडंही आहे, उत्तरंही आहेत. तुझे महाराज आदल्या दिवशी पाठ करून येतात, बस्स!"

पुरवणी हातोहात फिरली. "देवीची लीला!" महाराज ओरडले. "तिनेच पुरवणी लवकर छापून घेतली!" खोटं कशाला बोलू, चार-पाच माना डोलल्यासुद्धा. बाकीचे पुरवणीवरची तारीख पुन्हा पुन्हा बघत होते.

गुरुदास पुटपुटला, "पण पेपरात छापून इल्ला ना…"

"आलं होतं. कुणीही न तपासता आलं होतं! पेपर घ्या, वर्गणी भरा, रोज वाचा. पण हळदकुंकू वाहू नका. काय छापलंय, कुणी तपासलं आणि त्यात कुणाचा फायदा, एवढं विचारा. जो विचारू देत नाही तो बुवा असो की संपादक, त्याच्या हातात आपलं पोर देऊ नका."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं एकमेकांकडे न बघता उठून गेली. दोघी-तिघी महाराजाच्या पाया पडूनच गेल्या.

जानकी मात्र आकांक्षाला जवळ घेऊन तिथेच बसून होती. मांडव रिकामा झाल्यावर म्हणाली, "डॉक्टराचो नंबर आसा तुमच्याकडे?"

मी फोन लावून दिला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, गोळ्या कधीपासून बंद आहेत आणि कुणी बंद केल्या? जानकीने मांडवातल्या महाराजांच्या जागेकडे पाहिलं, मग आकांक्षाच्या कपाळावरच्या टाक्यांकडे.

"मी केल्या, डॉक्टर," ती म्हणाली. "मीच."