शेजारचा शब्द

"मॅडम, गेट म्हंजी फाटकच ना? मंग माझं उत्तर चुकलं कसं?"

भाताच्या मोठ्या पातेल्यात उलथणं फिरवत रत्नाने विचारलं. समोर मेथी निवडत बसलेल्या, इंग्रजी शिकवणाऱ्या फरहा मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. विचारणारी चौतीस वर्षांची बाई होती आणि तिचा प्रश्न खरा होता.

"वाक्य काय होतं?"

"ही गॉट अँग्री. गॉट म्हंजी गेटच, म्हणून मी लिवलं, त्याचं फाटक रागावलं."

आता मात्र दोघीही हसल्या. रत्ना तर डोळ्यांना पदर लावून हसली. हसता हसताच तिचा चेहरा उतरला.

आहुप्याकडच्या डोंगरातल्या या आश्रमशाळेत ती नऊ वर्षं स्वयंपाक करत होती. पहाटे पाचला भट्टी पेटवायची, दोनशे पोरांचं पोट भरायचं आणि संध्याकाळी वाडीवर परतायचं. वाडीत कोणी बाई अडली, कोणाचं पोर फणफणलं, की लोक रत्नाच्या दारात येत. दोन वर्षांपूर्वी वाडीची आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, मुलाकडे पुण्याला निघून गेली आणि जागा रिकामी झाली. "तूच कर की आता," असं सगळे म्हणाले. पण त्यासाठी दहावी पास लागत होती आणि रत्नाची शाळा नववीत सुटली होती. तिने बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाकीचे विषय पहिल्याच झटक्यात सुटले. इंग्रजी मात्र दोनदा राहिलं. एकदा चोवीस, एकदा सत्तावीस.

"आन् हे बगा," ती म्हणाली. "गेट म्हंजी मिळणं, गेट म्हंजी होणं, गेट म्हंजी पोचणं, गेट अप म्हंजी उठणं. एका शब्दाला इतकी तोंडं! एक धरावं तर दुसरं चावतं. मला न्हाई जमायचं, मॅडम. यंदा फॉर्म भरला तो भरला."

फरहा मॅडम जुन्नरच्या. घरात इंग्रजी शिकलेल्या त्या पहिल्याच. अर्थांची यादी पाठ करून त्या स्वतः पास झाल्या होत्या आणि मुलांनाही यादीच देत होत्या. रत्नाला याहून वेगळं काय सांगावं, ते त्यांना सुचेना.

बोलण्याच्या नादात रत्नाचं उलथणं थांबलं होतं, तेवढ्यात करपल्याचा वास आला.

"अगं बया, भात लागला!" रत्ना पातेलं खाली घ्यायला धडपडली. गडबडीत तिचा हात कडेला टेकला.

"लागलं का?" फरहा मॅडमनी विचारलं.

"लागलं न्हाई, भाजलं." रत्ना हातावर पाणी ओतू लागली.

मॅडम मेथीची जुडी हातात धरून तशाच थबकल्या. "रत्नाताई, भात लागला, म्हणजे काय झालं?"

"खाली चिकटला. करपला."

"आणि भूक लागली? ठेच लागली? फोन लागला? तुमच्या दिराला नोकरी लागली?"

"त्याचं काय?"

"सगळीकडे लागणंच आहे. मग कुठलं लागणं कुठलं, हे तुम्ही कसं ओळखता?"

रत्नाला प्रश्नच कळेना. "त्यात वळखायचं काय, मॅडम? शेजारचा शब्द सांगतोय की. भात म्हटलं की करपणारच, आन् भूक काय करपती व्हय?"

"मग गेटचं तसंच आहे. त्याच्या एकट्याकडे बघू नका. शेजारी कोण बसलंय ते बघा."

त्या दिवशी मुलांना वाढताना रत्नाचे ओठ सारखे हलत होते. पुढचे दीड महिने रोज भांडी झाल्यावर फरहा मॅडम चार वाक्यं लिहून देत आणि रत्ना शेजार शोधी. हंग्री शेजारी असला की भूक लागली. होम असला की घरी पोचला. लेटर असला की पत्र मिळालं. टेक आला, मेक आला, त्यांनाही तिने याच रीतीने धरलं. काही वेळा चुकायची, पण आता चुकल्यावर ती वही मिटत नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी ती घरी धुणं वाळत घालत होती. शेजारची मंगल तीन महिन्यांचं लेकरू घेऊन धावत आली. मागोमाग तिची सासू सोनीबाई.

"रत्नाताई, ह्ये दूधच ओढंना बघ," मंगल रडकुंडीला आली होती.

"काल तर डाक्टरला दावलंय," सोनीबाई म्हणाली. "तीन दिसांचं औषध दिलंय. जरा दम धर म्हनलं तर ऐकंना ही."

रत्नाने लेकराचं अंगडं वर केलं. दर श्वासाला बरगड्यांखाली पोट खोल जात होतं. "डाक्टरनं कागद दिला आसंल ना?"

मंगलने घडी घातलेलं कार्ड पुढे केलं. वर औषधांची नावं आणि खाली इंग्रजीत छापलेल्या तीन ओळी. त्या कोणी वाचल्या नव्हत्या. रत्ना उन्हात उभी राहून अक्षर अक्षर लावू लागली. इफ म्हणजे जर. पुढचा शब्द लांबलचक होता, पण त्याची सुरुवात तिच्या ओळखीची निघाली. रोज सकाळी मैदानात फरहा मॅडम मुलांना ओरडून सांगत, ब्रीद इन, ब्रीद आऊट. ब्रीदिंग. श्वास. त्याच्या शेजारी गेट्स. गेट्सच्या शेजारी फास्ट. आणि पुढे ब्रिंग द चाइल्ड बॅक.

जर श्वास भराभर होऊ लागला, तर लेकराला परत आणा.

मॅडमना विचारावं म्हणून ती फोन घेऊन, वाडीत जिथे एरवी रेंज मिळे त्या कड्याच्या टोकापर्यंत पळाली. तिथेही फोन लागला नाही. समजा, चुकीचं वाचलं असेल तर? दोनदा नापास झालेल्या बाईने फुकटचा घोर लावला, असं अख्खी वाडी म्हणेल. ती परत आली आणि तिने लेकराकडे पुन्हा पाहिलं; पोट तसंच भराभर वरखाली होत होतं.

"मंगल, चल. आत्ता निघायचं. ज्ञानेश्वरभाऊची जीप बगते मी."

"अगं, पण डाक्टर तर तीन दीस म्हनला व्हता," सोनीबाई आडवी आली.

"मामी, त्यानंच हितं लिवलंय, परत आना म्हणून. मी वाचलंय." आणि मग हळूच, "चुकलं तर मला बोला. पण आता वाट सोडा."

सोनीबाई बाजूला झाली. ज्ञानेश्वरने वळणावळणाच्या रस्त्यावर जीप जमेल तेवढी दामटली. दवाखान्यात लेकराच्या नाकाला नळी लागली. डॉक्टरांनी कार्ड पाहिलं आणि विचारलं, "हे कोणी वाचलं?"

मंगलने रत्नाकडे बोट दाखवलं.

"बरं झालं आजच आणलंत. न्यूमोनिया आहे. उद्यावर टाकलं असतं तर अवघड होतं."

रत्ना कार्ड घेऊन बाहेर बाकावर जाऊन बसली आणि त्या तीन ओळी तिने पुन्हा एकदा वाचल्या. सहाव्या दिवशी मंगल लेकराला घेऊन घरी आली.

मार्चमध्ये रत्नाने पेपर दिला. मे महिन्यात ती अंगणात हिरडा वाळत घालत होती, तेव्हा नवऱ्याने, चिमाजीने, कड्यावरून हाक मारली. जुन्नरहून फोन होता. ती पळत गेली.

"रत्नाताई, इंग्रजीत बेचाळीस!" फरहा मॅडम अक्षरशः ओरडत होत्या. "पास झालात!"

"मॅडम..." रत्ना एवढंच म्हणाली. चिमाजीने तिच्या हातातून फोन घेतला आणि तोच म्हणाला, "मॅडम, ती रडतीय. पण बरी हाय."

पावसाळ्याआधी आशाताईच्या जागेवर तिचं नाव लागलं. बातमी पलीकडच्या वाड्यांवरही गेली.

एके सकाळी दोन तासांची वाट चालून पलीकडच्या वाडीचा भिमाजीबाबा तिच्या अंगणात आला. म्हातारा दम खात ओट्यावर टेकला. काखेतली कापडी पिशवी त्याने पुढ्यात ओतली. दवाखान्याचे कागद, गोळ्यांची रिकामी पाकिटं, सरकारी पत्रं, मुंबईला गेलेल्या लेकाच्या कंपनीतून आलेला एक पिवळा पडलेला लिफाफा. बारा वर्षांचं सगळं.

"कुनी वाचलंच न्हाई गं," तो म्हणाला. "तू वाच. मला घाई न्हाई."

रत्नाने त्याला पाणी दिलं. ओले हात पदराला पुसले, त्याच्या शेजारी बसली आणि सगळ्यात आधी तो पिवळा लिफाफा हळूच उघडला.