चार नंबरचं दालन

आमचे हे महिन्यापूर्वी निवृत्त झाले. बत्तीस वर्षं राजधानीच्या संग्रहालयात पहारेकरी, तेही एकाच, चार नंबरच्या दालनात. घरात मात्र थाट असा, की सगळं संग्रहालय ह्यांच्याच खांद्यावर उभं आहे. सुट्टीला आलेल्या नातीला तर असल्या गोष्टी सांगून ठेवल्या होत्या, की ती म्हणाली, "आजोबा, मला सगळं दाखवा. शाळेत मी तुमच्यावरच बोलणार आहे." झालं! ह्यांनी इस्त्रीचा सदरा बाहेर काढला.

आमची राजधानी एवढीशी. जुना राजवाडा, ग्रंथालय आणि संग्रहालय एकाच रस्त्यावर. जेवणाआधी सगळा इतिहास उरकतो. राजवाड्यात नातीने सिंहासन पाहिलं, ह्यांनी पाहिला दोरीला टेकलेला माणूस. "दोरी सोडा!" हे गरजले. तो माणूस दचकून बाजूला झालाच, तिथला खरा पहारेकरीही सावरून बसला. ग्रंथालयात काचेखाली एक जुनी पोथी होती. "ह्यात काय लिहिलंय?" नातीने विचारलं. ह्यांचं लक्ष एका बाईंच्या पिशवीवर. "पिशवी बाहेर ठेवायची असते," ह्यांनी त्या बाईंना सुनावलं. मी कपाळाला हात लावला.

"अहो, पोरगी तुम्हाला काहीतरी विचारतेय."

"चार नंबरमध्ये चल, तिथे सगळं सांगतो," असं तिला म्हणाले खरे, पण आवाजात नेहमीचा तोरा नव्हता. माझ्या मनात पाल चुकचुकली.

चार नंबर म्हणजे मातीच्या भांड्यांचं दालन. मधल्या काचेच्या कपाटात एक भला मोठा रांजण, तुकडे जोडून उभा केलेला. नातीने वही उघडली. "हा कुणाचा? किती जुना? आणि फुटला कसा?"

हे चष्मा पुसायला लागले. पुसला, घातला, पुन्हा पुसला. मला असा राग आला! बत्तीस वर्षं मी रोज डबा भरून दिला, आणि ह्या माणसाने साधी पाटी वाचू नये? आता मीच वाचते म्हणून पुढे झाले, तर ह्यांनी माझा हात धरला.

"राहू दे गं." मग नातीकडे वळून म्हणाले, "बाळा, मला नाही माहीत. आमचा नियमच होता, पाठ कपाटाकडे आणि तोंड लोकांकडे. कोणाचा हात कुठे जातोय, एवढंच मी बघितलं. घरी सांगायचो त्या सगळ्या थापा."

हे असे काही चेहरा पाडून उभे होते, की माझा राग कुठच्या कुठे पळाला.

नातीने वही मिटली. "मग आता बघा की. लोकांकडे मी बघते."

आणि ती खरंच कपाटाला पाठ लावून उभी राहिली. हे वाकले. ओठ हलवत अख्खी पाटी वाचली, मग एकेक सांधा न्याहाळत रांजणाभोवती सावकाश फिरले. "अगं, इकडे ये," मला कुजबुजत म्हणाले, "आतून बोटांचे ठसे आहेत बघ! घडवणाऱ्याचे!"

तेवढ्यात एक धिप्पाड गृहस्थ फोन वर धरून नेमके कपाटापुढे येऊन उभे राहिले.

"काका, बाजूला व्हा," नात म्हणाली. "आजोबा बघतायत."