सोनूबाईचं दार

बारकूला उडता येत होतं, पण गोठ्याच्या आढ्याएवढंच. त्याच्या वर गेला की चक्कर यायची. सत्त्याण्णव साली विहिरीवरच्या मोटरचा शॉक बसला, आणि तेव्हापासून अंगात बैलजोडीचं बळ आणि हे उडणं. बायकोनं, मनालीनं, मोर छापलेल्या जुन्या पडद्याची झूल शिवून दिली आणि तोंड झाकायला माकडटोपी. भर मार्चात माकडटोपी! घामानं बिचाऱ्याचे डोळे चुरचुरायचे, पण काढायची सोय नव्हती. डोळखांबच्या पाड्यापाड्यांत लोक त्याला पाखऱ्या म्हणत. ओढ्यात रुतलेली जीप काढ, विहिरीतलं वासरू वर आण, असली कामं तो फुकट करायचा.

सगळ्यात जास्त घिरट्या मात्र सोनूबाईच्या घरावर. एकटी म्हातारी, त्याला देवच मानायची. पडवीच्या कौलांवर त्याच्यासाठी रोज नाचणीची भाकर ठेवायची. बारकू ती वरच्या वर उचलायचा, पण घास घशाखाली उतरायचा नाही.

कारण एक्क्याण्णवच्या शिमग्यात, सोळा वर्षांचा असताना, लखमा आणि सावळाराम या जिवलगांबरोबर त्यानं तिचंच दार चोरून होळीत घातलं होतं. शिमग्यात लाकडं चोरायची रीतच. एकदा ढिगावर पडलं की मालकानं शिव्या घालाव्यात, परत मागू नये. सोनूबाईनं शिव्या घातल्या आणि दारात गोणपाट टांगलं. दोन दिवसांनी बिबट्या गोणपाटातून शिरला आणि तिची शेळी घेऊन गेला. चोर कोण, ते तिला कळलंच नाही. ते कधी कळू नये, एवढीच या उडत्या वीराची जगात भीती होती.

दोन हजार दोनचा शिमगा आला. सोनूबाई बाजाराला गेलेली. दुपारी बारकू फेरीवर निघाला, तर खालून लखमा आणि सावळाराम तिचं नवं दार घेऊन चाललेले. दोघांना पोरंबाळं झालेली, पोटं सुटलेली. अक्कल मात्र सोळाव्या वर्षीच थांबलेली.

"थांबा!" पाखऱ्या जाड आवाज काढून समोर उतरला. "दार खाली ठेवा."

"शिमगा हाय आज," लखमा म्हणाला. "ढीग वीस पावलांवर हाय. एकदा पडलं की तुझ्या बापाला पण काढता यायचं नाय."

ते खरं होतं. झाड उपटणाऱ्यालाही शिमग्याची रीत उपटता येत नाही. पण तेवढ्यात बारकूची नजर दाराच्या फाटलेल्या कडेवर गेली आणि त्याचं टाळकं सटकलं.

"गाढवांनो, कड फाडलीत की! दार आधी वर उचलायचं, मग आपल्याकडं ओढायचं! किती वेळा शिकवलं तुमाला?"

बोलून झाल्यावर त्यानं तोंडावर हात ठेवला. सावळाराम टकामका बघत राहिला.

"बारक्या?"

"कोण बारक्या?" पाखऱ्या म्हणाला.

लखमा पोट धरून हसला. "गप घरी जा, नायतर पयलं दार कोणी काढलं ते म्हातारीला सांगू."

बारकू तेव्हा छाती काढून लढला असं मी सांगितलं असतं, पण खोटं कशाला बोला. तो चक्क परत फिरला होता. चार पावलांवर त्याला ते गोणपाट आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. त्यानं वळून दार धरलं आणि वर उडाला. दोघांनी काही दार सोडलं नाही.

मग शेतांवरून दार चाललं, दाराला दोन बाप्ये लोंबकळत. "सोडा रे!" "सोडू कसं, पडू ना!" आणि सावळाराम भीतीनं साऱ्या गावाला ऐकवत होता, "पयलं दार बारक्यानं काढलंन! आमी नुसतं धरलं!"

सोनूबाई बाजारातून येऊन उघड्या चौकटीपुढं उभी होती. तिच्या अंगणात तिघं दारासकट आदळले. तिनं आधी दार तपासलं, मग माकडटोपी ओढून काढली.

"माझी शेळी तू खाल्लीस?"

"शेळी बिबट्यानं, काकी. दार मी." बारकूला रडू फुटलं, आणि टोपी नव्हती म्हणून ते सगळ्यांना दिसलं.

सोनूबाईनं केरसुणी घेतली. देवाला जरा जास्त बसली, बाकीच्या दोघांना बेताची. मग तिनं दार बसवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिघांनी मुरबाडहून शेळी आणली. शेळीला उडणं मानवेना, म्हणून जीपनं सोडलं तिथून पाखऱ्या तिला खांद्यावर घेऊन चालत आला. ती सोनूबाईच्या गोठ्यात बांधली आणि सवयीनं उडून कौलांवर गेला. भाकर नव्हती.

खाली दार करकरलं. सोनूबाई उंबऱ्यात उभी होती, हातात भाकर.

"बारक्या, मेल्या, खाली उतर. दार हाय ना आता? दारातनं ये."