शेवटचा अंक

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिला सगळे बाटलीबाई म्हणायचे. नमुन्यांच्या बाटल्या धुणं एवढंच काम तिच्याकडे उरलं होतं. ही वेळ तिच्यावर आणली होती तिथल्या मुख्य तपासनिसांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या नणंदेच्या यजमानांनी, भाऊजींनी.

पूर्वी सकाळच्या पाण्याचा गढूळपणा ती मोजायची, दुपारच्या पाण्याचा भाऊजी. तिचे आकडे खालीवर व्हायचे, त्यांचे शहाण्या मुलासारखे शिस्तीत चालायचे. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी याचं कारण विचारलं, तेव्हा भाऊजी सगळ्यांदेखत म्हणाले, "ही मनाने आकडे ठोकते. माझे बघा, कसे एका रेषेत!"

तिचं कुणी ऐकूनच घेतलं नाही.

आठ महिने तिचे हात साबणात होते आणि डोकं निखाऱ्यावर. मग एकदा कपाट आवरताना दोघांच्या जुन्या वह्या हाती लागल्या. जेवणाच्या सुट्टीत ती दार लोटून बसली. मोजमाप दशांश चिन्हापुढे दोन घरं असायचं. खरंखुरं मोजलं, तर शेवटच्या घरात शून्यापासून नऊपर्यंत कुठलाही अंक येतो, आणि नोंदी भरपूर असल्या की प्रत्येकाची हजेरी साधारण सारखी भरते. तिने दहा रकाने आखले आणि नोंदीगणिक एक रेघ मारत गेली.

तिच्या सहाशे नोंदींत प्रत्येक अंक पन्नास ते सत्तर वेळा आला होता. भाऊजींच्या सहाशेंत सात आला होता एकशे एकाहत्तर वेळा. शून्य, फक्त चार. आकडा रचणाऱ्याला शून्य लिहायला भीती वाटते. सात कसा अगदी मोजल्यासारखा दिसतो!

ती लगेच बोलली नाही. तिला सगळे समोर हवे होते. तीन आठवड्यांनी वार्षिक तपासणीची बैठक भरली, तेव्हा तिने वह्या आणि कागद टेबलावर ठेवले.

"भाऊजी, तुम्हीच मोजा. मी मोजलं तर मनाचं ठरेल."

भाऊजींनी कागद पाहिला. "अगं, योगायोग असतो."

"एकशे एकाहत्तर वेळा?"

प्रमुख बाईंनी नळाचं पाणी आणवलं. "आत्ता मोजून दाखवा."

भाऊजी यंत्रापाशी गेले. दोन वर्षांपूर्वी आलेल्या त्या यंत्राचं चालू करायचं बटण मागच्या बाजूला होतं. ते पुढेच चाचपत राहिले. कुणीतरी फिसकन हसलं. तिने नजर हटवली नाही. त्यांचे कान लाल होईपर्यंत बघत राहिली.

भाऊजींना त्याच आठवड्यात घरी बसवलं. नणंदेचा फोन आला. "घरच्या माणसाचं नाक कापलंस!"

"वन्सं, मला बाटल्यांपाशी बसवलं तेव्हा तुम्ही हसला होतात," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नवरा जेवता जेवता ऐकत होता. "बाईंना एकटीला गाठून सांगता आलं असतं. चारचौघांत कशाला?"

"चारचौघांतच हवं होतं मला."

तो पानावरून उठून गेला. तिला सडकून भूक लागली होती. तिने ताट वाढून घेतलं.