झिरो वायरमन

कोकिळा पिंपळनेरजवळच्या एका मळ्यात कांदे काढत होती, तेव्हा जावेचा फोन आला. प्रेमराज पोलवरून पडला होता. लाइन बंद आहे असं समजून तो चढला, आणि तारेत वीज होती. धुळ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिला एवढंच ठाऊक होतं, की नवरा जिवंत आहे.

उजवा हात कोपरापर्यंत काळा पडला होता. डॉक्टर म्हणाले, काढावा लागेल. तिनं कागदावर सही केली. रडूसुद्धा आलं नाही. डोक्यात काही शिरतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, "ड्युटीवर लागलंय ना? मग ऑफिसातून दाखला आणा."

कोकिळा एसटीनं तालुक्याच्या वीज ऑफिसात गेली. पदर सारखा करून कारकुनाला म्हणाली, "मी प्रेमराज वायरमनची बायको."

कारकुनानं कॉम्प्युटर पाहिला, मग कंत्राटी माणसांची यादीही पाहिली. "बाई, या नावाचं आमच्याकडे कोणी नाही."

"असं कसं साहेब? नऊ वर्षं झाली. वादळात, पावसात तेच जातात पोलवर."

कारकुनानं आवाज खाली आणला. "झिरो असेल मग. झुलाल नाना वायरमनला विचारा, बाहेर बसलेत."

झुलाल नाना तिला पाहून उभाच राहिला. कपाळावर घाम. "पोरी, माले शुगर शे. वर चढलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. चार गावं माझ्या एकट्याकडे. म्हणून माझ्या पगारातून प्रेमराजला ठेवला. असल्या माणसाला झिरो म्हणतात. त्याचा कागद नसतो."

"आमच्या ह्यासले माहीत व्हतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि गावाला?"

नाना खाली बघत म्हणाला, "बठ्ठा गावले माहीत व्हतं."

ती पायरीवर बसली. नऊ वर्षं तिला 'वायरमन वहिनी' म्हणून हाक मारणारी सगळी तोंडं तिच्यापुढून गेली. दळण दळायला गेलं की गिरणीवाला तिचा डबा आधी घ्यायचा. तोही मनात हसत असेल?

दवाखान्यात परतल्यावर तिनं एवढंच विचारलं, "माले कसाले सांगं नही तुम्ही?"

प्रेमराजनं भिंतीकडे तोंड केलं. "नोकरी नाही म्हटलं असतं, तर तुझ्या बापानं पोरगी दिली असती का?"

रात्रभर ती त्याच्या उशाशी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी झुलाल नाना वॉर्डात आला. त्यानं आपल्या हातानं सगळं लिहून दिलं: माणूस आपण ठेवला, लाइन बंद असल्याचं आपणच फोनवर सांगितलं. सही करताना म्हणाला, "दोन वर्षं राहिली होती रिटायर व्हायला." पुढच्या आठवड्यात तो निलंबित झाला. कोकिळाचा भरपाईचा अर्ज ऑफिसात घेतला गेला, पोच मिळाली. निकाल अजून नाही.

प्रेमराजला घरी आणलं त्याच आठवड्यात गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, बंद पडली, मोटर चालेना, नळाला पाणी येईना. सरपंच दारात आले. "वहिनी, प्रेमराजची पकड आन् सेफ्टी बेल्ट द्या. दुसरा माणूस पाहिलाय आम्ही."

कोकिळा दारात आडवी उभी राहिली.

"त्याचं नाव ऑफिसात आहे का, आबा?"

सरपंचांनी चपलेतला खडा काढल्यासारखं केलं.

तिनं पकड दिली नाही. दोन दिवस गावातल्या बाया विहिरीवरून पाणी वाहत होत्या, तीही त्यांच्यात होती, आणि कोणी तिला वायरमन वहिनी म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसची गाडी आली, आणि यादीत नाव असलेला वायरमन पोलवर चढला.