कोपऱ्यातली सही

"बाबा, ज आहे ना? झ नाही ना केलात?"

शिडीवरच्या पेंटरने मागे वळून पाहिलं नाही. "आली का मास्तरीण? वाच की. डोळे आहेत ना?"

मुलगी सभागृहाच्या दारातच उभी राहिली. सकाळची पाळी संपवून ती थेट इकडे आली होती. समोरच्या भिंतीवर नवा लाकडी फलक होता आणि त्यावर सोनेरी अक्षरं होती: 'महाविद्यालयाचे नामवंत माजी विद्यार्थी'. तिने 'माजी' नीट पाहून घेतलं. ज होता.

हा ज त्या घरातला जुना विनोद होता. पेंटर शाळेत गेला नव्हता. अक्षर म्हणजे त्याच्या लेखी एक चित्र. कारकुनाने कागदावर जे चित्र काढून द्यावं, ते याने भिंतीवर मोठं करून उतरवावं. याच महाविद्यालयाच्या पहिल्या फलकावर त्याने 'माझी विद्यार्थी' असं लिहिलं. पोरं पोट धरून हसली आणि पेंटरला कळेना की हसतात कशाला. त्या संध्याकाळी शाळेत जाणाऱ्या लेकीने त्याच्यापुढे पाटी ठेवली. "बाबा, हा ज जहाजातला. हा झ झबल्यातला. गिरवा." तेव्हापासून ती मास्तरीण झाली. बापाचा हात वळणदार होताच, आता त्या वळणांना अर्थ आला.

पुढे मास्तरीण याच महाविद्यालयात शिकली, रसायनशास्त्रात पहिली आली. दूरच्या मोठ्या विद्यापीठात संशोधनासाठी तिची निवड झाली. सामान बांधायला काढलं, आणि पेंटर एका दुकानाची पाटी रंगवताना शिडीवरून पडला. खुबा मोडला. आई आधीच गेलेली. मुलीने त्या जागेवर पाणी सोडलं आणि शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात नोकरी धरली. बाप हिंडाफिरायला लागला तोवर निघालेली गाडी निघून गेली होती.

आता ते केंद्र तीच चालवायची. पहाटे टाकीतलं पाणी तपासायचं, क्लोरीनचं प्रमाण ठरवायचं आणि ठीक असेल तर शहराला पाणी सोडायचं. काय करते असं कुणी विचारलं की पेंटर एवढंच सांगायचा, "पाणी सोडते." आणि सांगताना दर वेळी त्याची जीभ जरा अडखळायची.

"एकटे चढलात ना?" ती शिडी धरायला पुढे आली. "मी येईपर्यंत थांबायचं ठरलं होतं."

"रंग वाळतो तोवर."

"रंग कसला वाळतो, तुम्हालाच धीर नाही." तिने एका हाताने शिडी धरली आणि वर बघत वाचायला लागली. हृदयाची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. वरिष्ठ न्यायालयातले न्यायाधीश. सिनेमात खलनायकाची कामं करणारे एकजण, ज्यांना बघून पोरं अजूनही टरकत. पक्ष्यांमागे समुद्र ओलांडून गेलेल्या एक बाई. मग एक ओळ मोकळी सोडायची होती. ती पूल बांधणाऱ्या साहेबांची. त्यांचा पूल उद्घाटनाआधीच खचला, म्हणून चौकशी होईपर्यंत त्यांचं नाव थांबवलं होतं.

ती ओळ मोकळी नव्हती. तिथे तिचं नाव होतं. सोनेरी, ओलं.

तिने ते पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "हे कुणी सांगितलं लिहायला?"

"मीच."

"प्राचार्यबाईंना विचारलंत?"

"विचारलं होतं. म्हणाल्या, समितीने ठरवलेलीच नावं लिहायची, माझ्या हातात नाही." पेंटर हळूच एक पायरी उतरला. "त्यांच्या हातात नसेल. माझ्या हातात कुंचला होता."

"पुसा."

"अगं, पुढच्या वर्षीपासून छापील फलक लावणार आहेत. हा शेवटचा. पुन्हा इथे चढायला मिळायचं नाही मला."

"बाबा, पुसा."

"सगळं शहर तुझं पाणी पितं. या डॉक्टरचं कुणी काय पितं?"

तिला हसू आलं, पण तिने ते आवरलं. "माझं कुठलं, धरणाचं पाणी ते."

"माझ्या खुब्यापायी तू सगळ्यावर पाणी सोडलंस. नाहीतर आज या ओळीत समितीनेच तुला बसवली असती."

"सोडलं. आणि अजून रोज पहाटे सोडतेच आहे. त्याचाच पगार मिळतो."

पेंटर हसला नाही. शिडीच्या खालच्या पायरीवर तो बसला. मग तीही शेजारी जमिनीवर टेकली.

"खोटं नाही बोलत," ती म्हणाली. "पहिली काही वर्षं वाईट वाटायचं. निवडीचं पत्र कुठे ठेवलंय तेही बघवायचं नाही. मग कामात शिरले आणि वाटेनासं झालं. तुम्हाला मात्र अजून वाटतं. ते नाव वाचलं आणि मला काय कळलं माहितीय? माझं काही झालंच नाही, असं घरात कुणीतरी इतकी वर्षं मनात धरून बसलंय."

पेंटरने हातातला कुंचला नुसताच फिरवला. "तसं नाही गं."

"तसंच आहे. आणि उद्या लोक म्हणतील, पेंटरने चोरून लेकीचं नाव घुसवलं. इतकी वर्षं सांगितलं तेवढंच लिहिलंत. शेवटच्या कामात लबाडी नको."

तो उठला. टर्पेंटाइनचा बोळा घेऊन वर चढला. पुसण्याआधी त्याने ते नाव एकेका अक्षरावर थांबत, हलक्या आवाजात वाचलं. पाटीवर वाचायचा तसं. मग बोळा फिरवला. खालून शिडी घट्ट धरलेली होती.

तेवढ्यात प्राचार्यबाई आल्या. फलक जवळून पाहिला, लांबून पाहिला. "झकास झालंय, काका. आणि मोकळी ओळ मोकळीच ठेवलीत, बरं केलंत." मग खालच्या कोपऱ्याकडे वाकून म्हणाल्या, "नुसतं 'पेंटर' असं बारीक लिहिता ना तुम्ही इथे? या वेळी नाव टाका. शेवटचा फलक आहे तुमचा."

पेंटरने सगळ्यात बारीक कुंचला काढला. कोपरा खाली होता, शिडी लागली नाही. गुडघा टेकून, श्वास रोखून त्याने लिहिलं. तांदळाच्या दाण्याएवढी अक्षरं.

प्राचार्यबाईंनी चष्मा सरकवून वाचलं. "हे तुमच्या दुकानाचं नाव का?"

"हो," पेंटर म्हणाला. "आजपासून."

त्या मान डोलावून गेल्या. मुलगी कोपऱ्याकडे बघत राहिली: 'मास्तरीण पेंटर्स'.

"हेही पुसू का, मास्तरीणबाई?"

"असू दे," ती जरा थांबून म्हणाली. "पेंटरचं नाव वाचतं कोण."

"म्हणूनच."

अंगणातल्या नळावर दोघं हात धुवायला गेली. तिने चावी फिरवली. पाणी भरभरून आलं.

"आज क्लोरीन जरा जास्त पडलंय," पेंटर म्हणाला.

"टर्पेंटाइनने नाक गेलंय तुमचं." तिने त्याचे हात धारेखाली धरून बोटं चोळली. नखांतला सोनेरी रंग निघेना. ती पुन्हा चोळायला लागली, तेव्हा त्याने हात सोडवून घेतले.

"राहू दे तेवढा."

मग त्याने नळ बंद केला. दोन पावलं गेला, परत आला आणि थेंब गळत नाही ना, ते वाकून बघितलं.