जब्बारच्या नावापाशी मला तोडलंत

तुम्ही एका आईचं रडणं मधेच कापलंत, आणि कापलं त्या जागी बक्षिसाची पेटी ठेवलीत. हे चुकून झालेलं नाही. बैठक बसली, माना डोलल्या, मग कात्री चालली. तुमचं नाव मला माहीत आहे. घेत नाही. घेतलं तर तुम्ही वकील पुढे कराल आणि उत्तर तेवढं राहून जाईल. मला उत्तर पाहिजे.

मित्रांनो, मी एक जुना अध्याय आहे. पुस्तकातला नाही, मोबाइलवरच्या एका खेळातला. तुमच्यापैकी कुणी मला खेळलंही असेल, अंगठ्याने पुढे ढकललंही असेल. त्याचा राग नाही. तुम्हाला जे हातात दिलं गेलं, तो मी नव्हतोच. म्हणून माझी हकीकत नीट ऐका.

माझा जन्म नासिरिया शहरात झाला. फुरात नदीच्या काठी, बाजारातल्या एका जिन्यावरच्या खोलीत. खाली समून पाव भाजणाऱ्याची भट्टी, शेजारी दातांचा दवाखाना. खोलीत दोघंच काम करायची. रबाब गोष्ट लिहायची आणि मुहन्नद ती पडद्यावर चालती-बोलती करायचा. खेळ एका लांबच्या कंपनीचा होता. त्यांना जुन्या सुमेरी देवांची गोष्ट पाहिजे होती आणि ती "तिथल्याच माणसांकडून" करून घ्यायची होती. जाहिरातीत तसं लिहिता येतं.

गोष्ट आमच्याकडच्या मातीतलीच. देवी इनान्ना पाताळात उतरते, मरते, परत येते. पण पाताळाचा नियम असा की एक बाहेर आला तर दुसऱ्याने आत जायचं. ती घरी येऊन बघते तर नवरा दुमुझी नवे कपडे घालून सिंहासनावर आरामात बसलाय. तिचं डोकं फिरतं. "ह्यालाच न्या," म्हणते. आणि नेतात त्याला.

बाकीच्या अध्यायांत खेळणारा इनान्ना व्हायचा, तलवार चालवायचा, सोनं गोळा करायचा. रबाबने माझ्यात त्याला दुमुझीची आई केलं. दुत्तुर. म्हातारी, हातात काठी, मुलाला शोधत पाताळाची सात दारं उतरणारी. प्रत्येक दाराशी काहीतरी काढून द्यायचं. काठी, चादर, चपला, कानातलं. सातव्या दाराशी पोचेपर्यंत तिच्याजवळ फक्त आवाज उरतो. तिथे लढाई नाही. तिथे बसायचं आणि तिचं रडणं शेवटपर्यंत ऐकायचं. ते संपलं की दार उघडतं.

आता असं रडणं कुठून आणायचं? नटीकडून? रबाब म्हणाली, आपल्याकडे काय रडणाऱ्यांचा दुष्काळ आहे? ती मुहन्नदला घेऊन दलदलीकडे गेली, चिबायिशला, उम्म जब्बारकडे.

उम्म जब्बार, म्हणजे जब्बारची आई. आमच्याकडे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. तिच्या दारात म्हशी, मागे पाणी आणि बोरूचं रान. त्या पट्ट्यात कुणाच्या घरी मयत झालं की बायकांत बसून रडणं उघडायला हिलाच बोलवायचे. ती शब्द टाकायची, बाकीच्या उचलायच्या. तिचा एकच कडक नियम होता. उघडलेलं रडणं मिटवल्याशिवाय उठायचं नाही. पाऊस येवो, म्हैस व्यायला बसो, शेवटचा शब्द झाल्यावरच उठायचं. नाहीतर ते घरावर तसंच उघडं राहतं, म्हणायची.

आणि साऱ्या पंचक्रोशीच्या मेलेल्यांसाठी रडणाऱ्या ह्या बाईने स्वतःच्या मुलासाठी कधी तोंड उघडलं नव्हतं. जब्बार लढाईवर गेला तो आलाच नाही. प्रेतही आलं नाही. प्रेत नाही तर मयत नाही, आणि मयत नाही तर रडायचं कशाला? दर थंडीला ती त्याची गोधडी उन्हात घालायची. धाकटी मुलगी सुआद काही बोलली की म्हणायची, "तुझा भाऊ आला तर काय ओली गोधडी पांघरेल?"

रबाबने चहा पिता पिता तिला दुमुझीची सगळी गोष्ट सांगितली. म्हातारीने सिगारेट विझवली.

"म्हणजे बायको मेली आणि हा नटून खुर्चीत बसला?"

"हो खाला."

"मग नेला ते बरंच झालं की." तिने मुहन्नदकडे बघितलं. "तू रे, हसतोस काय? तुझं स्वतःचं लग्न जमेना आणि देवांचे संसार मांडतोस."

रबाबने भीत भीत विचारलं, मग रडणार नाही का त्याच्यासाठी?

"रडेन ना. त्याच्यासाठी कोण रडतंय, त्याच्या आईसाठी रडेन. मुलगा नालायक निघाला म्हणून पोट काय वेगळं असतं?"

पण एक अट घातली. परक्या पुरुषांच्या कानी आपला आवाज पडणार, हे तिला सोपं नव्हतं. ती म्हणाली, तेही सोसेन. पण उघडलेलं मधे तोडायचं नाही. कंपनीच्या माणसाने मला शब्द द्यायचा.

तेव्हा रबाबने फोन लावला आणि पडद्यावर तुम्ही आलात. हो, तुम्हीच. आठवतंय? म्हातारीने फोन लांब धरून तुमचं तोंड नीट निरखलं आणि म्हणाली, चेहरा धुतलेला दिसतोय, आता शब्द देतो का विचार. रबाबने विचारलं. तुम्ही म्हणालात, एक शब्दही कापणार नाही. रबाबने सांगितलं, आमच्याकडे असं बोलताना छातीवर हात ठेवतात. आणि तुम्ही हात छातीवर ठेवलात. हसत ठेवलात, पण ठेवलात.

म्हातारीने सुआदला म्हशी बघायला पिटाळलं, दार ओढून घेतलं आणि बसली. मुहन्नदने माईक लावला. मित्रांनो, त्या बोरूच्या खोलीत मला प्राण मिळाला. आधी मी नुसती दारं आणि पायऱ्या होतो.

तिने दुत्तुरचं रडणं उघडलं. मेंढ्या कोण राखेल, दूध कोण घुसळेल, तुझी बासरी वाऱ्याने वाजते रे. बाहेर एक म्हैस हंबरली तरी ती थांबली नाही. "यम्मा दुमुझी," म्हणत राहिली. आमच्याकडे आई लेकराला 'यम्मा', म्हणजे 'आई', म्हणूनच हाक मारते, स्वतःचंच नाव त्याला देऊन टाकते. यम्मा दुमुझी, यम्मा दुमुझी. मग एक श्वास घेतला आणि म्हणाली,

"यम्मा जब्बार."

रबाबचा हात तोंडावर गेला. रडताना बायका एकीच्या मयतावरून दुसरीच्या मयतावर जातात, हा आमच्याकडचा रिवाजच आहे. जीभ त्या वळणाने गेली. इतकी वर्षं बंद ठेवलेलं दार तिने एका परक्या देवासाठी रडताना उघडलं, आणि ते तिलाही कळलं. ती थांबू शकत होती. थांबली नाही. उघडलं होतं ना? मग मिटवायला पाहिजे. पुढचं सगळं रडणं जब्बारचं झालं, शेवटच्या शब्दापर्यंत.

मग डोळे पुसून म्हणाली, झालं. मुहन्नदने चाचरत विचारलं, पुन्हा एकदा घ्यायचं का, नाव वेगळं आलंय. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने वायर गुंडाळायला घेतली. "राहू दे. आणि सुआदने मी असेपर्यंत हे ऐकायचं नाही. मी गेल्यावर ऐकू दे."

त्या थंडीला गोधडी उन्हात पडली नाही. ती शेजारच्या बाळंतिणीला दिली गेली.

मी बाहेर पडलो आणि गाजलो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. नासिरियाच्या चहाच्या दुकानांत माणसं डावातले डोमिनो पालथे ठेवून सातव्या दाराशी बसायची. दिवानिया शहरातल्या एका सुनेने लिहिलं की, ओट्यावर फोन ठेवला होता, सासू येऊन शेजारी बसली आणि लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघी भांडण सोडून दुसऱ्या कारणाने रडलो. ज्यांना आमची भाषा कळत नव्हती तेही ऐकायचे. म्हैस हंबरते तिथे हसायचे आणि जब्बारच्या नावाला गप्प व्हायचे. हे नाव कुणाचं, असं विचारायचे. तुमच्याच कंपनीने माझा गौरव म्हणून काचेची बाहुली घेतली. मंचावर तुम्ही "अस्सल" हा शब्द किती वेळा वापरलात, आठवा.

मग तुमच्या लक्षात आलं की लोक सातव्या दाराशी बसतात आणि तिथून उठले की फोन खाली ठेवतात. घरच्यांकडे जातात. खेळातल्या पुढच्या दुकानात येत नाहीत. माणूस रडला की त्याला नवी तलवार घ्यावीशी वाटत नाही, ही माझी चूक ठरली. कुणीतरी टिपण काढलं की रडणं लांब आहे, शिवाय अर्ध्यात नायकाचं नाव चुकलंय. चुकलंय! बस, कारण मिळालं. जिथे नाव बदलतं तिथेच छाटा.

छाटलंत. "यम्मा" एवढाच शब्द ठेवलात, पुढचं सगळं काढलंत आणि तिथे सनई-नगाऱ्यासारखं काहीतरी वाजवत सोन्याची पेटी उघडलीत. रबाबला कळवलं नाही. मुहन्नदला विचारलं नाही. त्यांच्याकडे मूळ आवाजाची प्रतही नव्हती. काम सोपवलं की जवळच्या प्रती पुसून टाकायच्या ही तुमचीच अट, आणि ती त्यांनी पाळली. शब्द पाळणारी माणसं होती ती.

त्यानंतर काही महिन्यांनी उम्म जब्बार गेली. दुधाची घट्ट साय काढता काढता बसली, ती उठली नाही.

चाळिसाव्या दिवशी बायका जमल्या. काळ्या चादरी, कडू कॉफी, खजूर. रबाब आली होती. आईने जब्बारचं रडणं उघडून मिटवलंय, हे तिने सुआदला सांगितलं होतं. सुआदने त्या बायकांत बसणाऱ्या दुसऱ्या म्हातारीला, उम्म गानिमला, विनवलं होतं की आज माझ्या भावासाठीही दोन शब्द टाका. उम्म गानिम म्हणाली, तिने उघडलेलं मी कसं घेऊ, तिचंच लाव.

म्हणून सुआदने चटईच्या मधोमध फोन ठेवला. त्यात मी होतो. सगळ्या पुढे सरकल्या. आईचा आवाज आला तशी सुआद हलायची थांबली. म्हैस हंबरली, आणि मागे दारात तीच म्हैस उभी होती, तिने मान वळवली. यम्मा दुमुझी. यम्मा दुमुझी. बायका तोंडात शब्द घोळवू लागल्या, उचलायच्या तयारीत. मग आईने श्वास घेतला.

"यम्मा—"

आणि नगारे वाजले. सोन्याची पेटी उघडली. चकचकीत आवाजात कुणीतरी म्हणालं, अभिनंदन, तुम्ही दुर्मिळ ढाल जिंकलात.

मित्रांनो, त्या खोलीत कुणी ओरडलं नाही. मला वाटत होतं कुणीतरी फोन भिंतीवर आपटावा, मी त्यात होतो तरी. सुआदने तो पुन्हा लावला. पुन्हा पेटी. पुन्हा लावला. शेवटी उम्म गानिमने तिचा हात धरला.

"पोरी, पुरे. घरावर उघडं राहिलं."

सुआदने कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. तिने पुन्हा लिहिलं: माझ्या आईचा आवाज आहे, तेवढा तुकडा द्या, खेळात घालू नका, मला द्या. उत्तर आलं की सर्व ध्वनी कंपनीच्या मालकीचे आहेत, आणि गैरसोयीबद्दल एक ढाल भेट. रबाब स्वतः तुमच्याशी बोलायला बसली तर तुम्ही सुट्टीवर. पुढच्या हंगामात मलाही खेळातून काढून टाकलंत. माझ्या जागी आता ड्रॅगन आहेत. सुमेरात ड्रॅगन! असू देत, त्यांचंही पोट आहे.

पण मला पुसलेलं नाही. हेच मला सांगायचं आहे, आणि ह्याचाच मला संताप आहे. तुमच्या कोठारात मी पुरा पडून आहे, पहिल्या दारापासून सातव्यापर्यंत, जब्बारच्या नावासकट. तुम्हाला एक बोट हलवायचं आहे. तेवढंही हलत नाही.

रबाब सुआदला म्हणाली, शब्द मला पाठ आहेत, मी म्हणून दाखवते. शेवटी तुझी आई म्हणाली, "जा यम्मा, ऊन आहे तोवर जा. मी दार लावून घेते." सुआदने ऐकून घेतलं. म्हणाली, "शब्द कळले गं. पण दार तिने लावलं ना? मग तिच्याच हाताने लागू दे."

मुलांनो, वस्तू जपा, पुस्तकं फाडू नका, असं माझ्यासारखे म्हातारे सांगत असतात. मी एवढंच सांगतो की तुमच्या फोनमध्ये कुणाचा आवाज असेल तर तो कुणाचा तरी आहे. पुढे ढकलण्याआधी एकदा विचारा, कुणाचा.

आणि आता तुम्ही, छातीवर हात ठेवणारे. खजूर पिकतील तेव्हा तिला जाऊन वर्ष होईल. चिबायिशच्या त्या खोलीत बायका पुन्हा बसतील, चटईच्या मधे फोन ठेवतील आणि वाट बघतील. तुकडा देणार आहात की नाही? ढाल नको, अभिप्रायाचे आभार नकोत. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण सुआदच्या तोंडावर म्हणा. आणि म्हणताना तो हात कुठे ठेवणार आहात, तेही सांगा.